एकवीस खाने

डिचोलीच्या कचेरीत, तिसऱ्या खिडकीवर,
म्हाळसा गावस यांनी कागद काचेखालून परत सरकवला.
"पुता, म्हजें नांव पुराय ना."

खरंच नव्हतं. वर ठळक, हयातीचा दाखला,
खाली म्हाळस
आणि त्यापुढे एक काळा हिरा, पोटात प्रश्नचिन्ह घेऊन.

प्रोग्रॅम माझा. जुना, जागा वाचवायच्या दिवसांतला.
नावाला मी एकवीस खाने दिले होते,
सात खुणांपलीकडे कुणाचं नाव जातंय, असं म्हणून.
(चंद्रभागा, सत्यभामा कुठे बसल्या असतील, देव जाणे.)

डोळ्याला हे नाव तीन अक्षरांचं.
यंत्राला सात खुणांचं:
म, मग त्याचा पाय मोडणारी खूण, मग ह, त्याचा काना,
ळ, स, पुन्हा काना.
प्रत्येकीला तीन खाने. पाय मोडायलासुद्धा तीन,
धडधाकट अक्षराला लागतात तेवढेच.
सात त्रिक एकवीस.

विसरलो ते एवढंच, की नाव संपलं हे कळायला
शेवटी एक शून्य येऊन बसतं
आणि त्यालाही बूड टेकायला जागा लागते.
शून्य बसलं.
कान्याचा तिसरा तुकडा दाराबाहेर राहिला,
आणि दोन तुकड्यांचा काना कुठल्याच भाषेत काना नसतो.

हे नाव पहिल्यांदा कापलं गेलं असंही नाही.
जन्माची नोंद पोर्तुगिजांच्या वहीत,
त्या लिपीत ळ नाही.
लेखनिकाने पाच रोमी अक्षरं टाकली, मालसा,
शाई टिपली, पुढचं मूल बोलावलं.
आज ती वही मोजली तर पाच खाने. सुटसुटीत.

नियम सांगतो, जुन्या नोंदीत कानामात्रेचाही फरक नको.
मी मात्रा सांभाळली.

बाकीची म्हाळसाबाय नीट बसली होती.
वय एका खान्यात; एकशे सत्तावीसपर्यंत काळजी नाही.
पेन्शन दोन हजार, दोन खान्यांत, लहान टोक आधी:
दोनशे आठ, मग सात.
उलटं वाटतं खरं,
पण चौऱ्याऐंशी म्हणताना आपणही चार आधी उचलतो,
ऐंशी मागून ओढत आणतो.
जन्मतारीख उणे.
यंत्राचा काळ एकोणीसशे सत्तरला सुरू होतो,
तोवर हिचं लग्न होऊन पहिली गाय विकूनही झाली होती.
आणि शेवटी, हयात: हो.
एवढ्याशा होला एक बिट पुरतो,
द्यावा लागतो आख्खा खाना, आठ बिटांचा.
आठ खाटांच्या वॉर्डात एकच पेशंट,
जागा.

हे सगळं मी तिला सांगितलं. का, ते माहीत नाही.
मागची रांग चुळबुळत होती.
तिने काठी काउंटरला टेकवली, ऐकलं,
मध्येच विचारलं, शून्याला कोण विचारतं इतकं?
मग म्हणाली, "आमी धूळपाटयेर शिकलीं."
देवळाच्या ओसरीवर मराठी शाळा,
एकाच पाटीवर बारा मुलं,
एकाचं अक्षर पुसायचं, त्याच जागी दुसऱ्याने काढायचं.
"जागो थोडो. पूण अर्दें अक्षर कोणाक दिलें ना."

खाणीचे ट्रक दारावरून जातात.
पुसून अर्धा तास होत नाही, काउंटरवर तांबडा थर.
त्या थरात तिने बोट टेकवलं
आणि लिहिलं, सावकाश,
मचा पाय मोडून तो हच्या अंगाला टेकवला,
ळ दोन वळणांत,
सगळ्यात शेवटी काना, वरून खाली,
अन् वर शिरोरेघ, न उचलता.

मी एकवीसचे चौसष्ट केले. चाचणी घेतली.
छापून आलं पूर्ण नाव, त्यामागे न दिसणारं शून्य,
त्यामागे कितीतरी मोकळी जागा.
तिने चष्म्याखालून काना तेवढा तपासला
आणि कागद पिशवीत, सुक्या सोलांच्या पुडीशेजारी ठेवला.

पाचला रुद्रेश फडकं घेऊन आला.
म्हटलं, तेवढं सोडून पूस,
ती जागा अजून वापरात आहे.